सह्याद्रीवरचा सांधा

लँडसॅट उपग्रह सकाळी दहाच्या सुमारास महाराष्ट्रावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि सुमारे १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. पुणे १४७ क्रमांकाच्या पट्ट्यात येतं, मुंबई १४८ क्रमांकाच्या. पुण्याचा पट्टा टिपल्यावर त्याच उपग्रहाला शेजारच्या मुंबईच्या पट्ट्यावर यायला सात दिवस लागतात. ऑक्टोबर संपता संपता सात दिवसांत पुष्कळ काही बदलतं. पहिल्या प्रतिमेत घाटमाथा अजून हिरवा असतो, दुसरीत गवत पिवळं पडू लागलेलं असतं. कोकणातली भातखाचरं मोकळी होत आलेली असतात आणि हवेत धुरकटपणा वाढलेला असतो. दोन्ही प्रतिमा शेजारी मांडल्या की घाटमाथ्याच्या आसपास एक सरळ रेघ दिसते. जमिनीवर अशी रेघ कुठेही नाही.

ती रेघ घालवण्यासाठी रंगछटांची जुळवणी करतात आणि तुकडे सांधून एक सलग चित्र तयार करतात. त्या चित्राला मोझेइक म्हणतात. या कामासाठी भारी किमतीची सॉफ्टवेअर मिळतात, पण हे काम समजून घ्यायचं असेल तर मी ग्रास या मुक्त आज्ञावलीकडे बोट दाखवीन. १९८२च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या इलिनॉयमधल्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत त्याची सुरुवात झाली. लष्करी तळांच्या ताब्यातल्या विस्तीर्ण जमिनींची निगा राखायला साधन हवं होतं. सरकारी खर्चाने लिहिलेलं असल्यामुळे ते सर्वांना खुलं होतं. नव्वदच्या दशकात प्रयोगशाळेने हात काढून घेतला, तेव्हा विद्यापीठांतल्या लोकांनी ते सांभाळलं. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये मार्कुस नेटेलर यांनी ही धुरा उचलली आणि १९९९ मध्ये ग्रास जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं. चाळीस वर्षांहून जुनी ही आज्ञावली आजही रोजच्या वापरात आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सॉफ्टवेअर फुकट असलं तरी प्रतिमा फुकट नव्हत्या. लँडसॅट-७ चं एक दृश्य ६०० डॉलरला पडायचं. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅटचा संग्रह विनामूल्य केला, आणि जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयातला विद्यार्थीही संपूर्ण राज्याचं मोझेइक करू शकेल अशी परिस्थिती आली.

ग्रासमध्ये सांधण्याचं मूळ काम ‘आर.पॅच’ ही आज्ञा करते. तिचा नियम सरळ आहे: यादीत जो थर पहिला, त्याचा मान पहिला, त्यात जिथे मोकळी जागा असेल तिथे दुसऱ्याचं पिक्सेल बसतं. नवशिक्याची गाडी इथेच अडते. उपग्रहाची वाट तिरकी असल्यामुळे प्रतिमा चौकटीत तिरपी बसते आणि कोपऱ्यांत शून्य भरलेलं असतं. शून्याला मोकळी जागा ठरवलं नाही, तर पहिल्या प्रतिमेचा काळा कोपरा दुसरीवर येऊन बसतो. शिवाय ‘जी.रीजन’ने दोन्ही प्रतिमा मावतील एवढं क्षेत्र आधी ठरवावं लागतं. नाहीतर सांधलेला नकाशा अर्ध्यातच कापला जातो आणि ग्रास तक्रारही करत नाही.

खरी गोम रंग जुळवण्यात आहे. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक आकडा. ८ बिटांच्या प्रतिमेत तो ० ते २५५ यांच्यामधला असतो. कोणता आकडा किती पिक्सेलांना लाभला, याचा आलेख म्हणजे हिस्टोग्राम. समजा, पुण्याच्या प्रतिमेत ३० टक्के पिक्सेल ६० किंवा त्याहून कमी आहेत आणि मुंबईच्या प्रतिमेत तेवढेच टक्के ५२ पर्यंत भरतात. मग पुण्यातल्या ६० ला ५२ करायचं. प्रत्येक आकड्यासाठी हाच हिशेब केला की दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात. ग्रासला ‘आय.हिस्टो.मॅच’ ही पुरवणी जोडली की ती हिस्टोग्राम जुळवून देते.

आता मुंबईच्या दृश्याकडे पाहा. त्याचा निम्म्याच्या आसपास भाग अरबी समुद्र आहे, म्हणजे गडद पिक्सेलांचा ढीग. पुण्याच्या दृश्यात समुद्र नाहीच. दोन्ही पूर्ण प्रतिमांचे आलेख जुळवले, तर यंत्र पुण्यातही तेवढाच गडदपणा शोधतं. तिथे समुद्र नसल्यामुळे मग शेतं आणि डोंगर काळवंडतात. गणित बिनचूक, चित्र मात्र चुकीचं! यावर उपाय असा, की आलेख फक्त सामायिक पट्टीवरून काढायचा. आपल्या अक्षांशावर शेजारचे पट्टे साधारण १३ टक्के एकमेकांवर चढतात. तिथे दोन्ही प्रतिमांत तीच जमीन असते, म्हणून तुलना रास्त होते. ढग मात्र आधी झाकून घ्यावे लागतात.

फ्रेंच अवकाश संस्थेचं ऑर्फिओ टूलबॉक्सही मुक्त आहे. मोझेइक करताना ते एकावर एक आलेल्या भागांवरून सगळ्या प्रतिमांचं रंगसंतुलन एकदमच काढतं, आणि सांध्याजवळ एक प्रतिमा दुसरीत हळूहळू विरवण्याची सोयही देतं. राज्यभराची दृश्यं दोन-दोन करून जुळवत गेलं, तर प्रत्येक जोडीतली चूक पुढच्या जोडीत सरकते. एकत्र हिशेबाचा फायदा इथे कळतो.

विदर्भात आणखी एक अडचण येते. ७८ अंश रेखांश अमरावती आणि वर्ध्याच्या मधून जातो आणि तिथे नकाशाच्या यूटीएम प्रक्षेपाचा ४३ वा विभाग संपून ४४ वा सुरू होतो. पश्चिमेची दृश्यं एका विभागात, नागपूरची दुसऱ्यात. एकत्र आणताना पिक्सेलांची जागा बदलते आणि त्यांची किंमत नव्याने काढावी लागते. गुळगुळीत दिसावं म्हणून शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेता येते; मी मात्र मोजणीच्या कामात सर्वांत जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा घ्यावा, असंच सांगेन.

जुळवणीनेही आकडे बदलतात. घाटमाथ्यावरचं गवत त्या सात दिवसांत खरोखरच वाळलं असेल, तर ती रेघ धुरकट हवेबरोबर वाळलेल्या गवताचीही खूण आहे. हिस्टोग्रामला या दोहोंतला फरक कळत नाही. तो दोन्ही पुसून टाकतो. अशा मोझेइकवरून पिकाची हिरवाई मोजली, तर उत्तर सुबक येईल, पण खोटं. मोजणीसाठी हवेचा परिणाम भौतिकशास्त्राने वजा केलेली, पृष्ठभागाच्या परावर्तनाची प्रतिमा घ्यावी. लँडसॅटची अशी प्रतिमा तयारच मिळते. ती जुळवणी न करता सांधावी आणि उरलेली रेघ तशीच राहू द्यावी. भिंतीवर लावायच्या नकाशासाठी वेगळं, जुळवलेलं, सांधे विरवलेलं मोझेइक करावं. दोन फायली, दोन नावं. त्यांत गल्लत झालीच, तर ‘आर.इन्फो’ चालवावं: थर कोणत्या आज्ञेतून तयार झाला, याची नोंद ग्रास त्या थरासोबतच ठेवतं.