प्रोसेसरचा शीतक : निवड व जोडणी

कुंभकोणम् येथे कापीच्या पितळी पेल्याबरोबर डवरा नावाची पसरट वाटी देण्याची रीत आहे. कढत कापी पेल्यातून डवऱ्यात व डवऱ्यातून पेल्यात ओतीत राहिले असता ती लवकर निवते, कारण तिचा अधिक पृष्ठभाग हवेस लागतो. डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरवरील शीतकाचे तत्त्व हेच होय. नखाएवढ्या चकतीत निर्माण होणारी उष्णता धातूच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर पसरवून हवेच्या स्वाधीन करावयाची, एवढेच त्याचे कार्य. नावावरून काहीही वाटो, तो थंडी उत्पन्न करीत नाही.

निवडीचा सारा हिशेब यावरच अवलंबून आहे. समजा, भाराखाली प्रोसेसर १२० वॅट उष्णता टाकीत आहे, आणि त्यावरील साधा शीतक दर वॅटमागे ०.४ अंश तापमानवाढ होऊ देतो. म्हणजे प्रोसेसर हवेहून ४८ अंश अधिक तापणार. वातानुकूलित खोलीत, २५ अंशांवर, तो ७३ अंशांवर स्थिरावेल. परंतु कावेरीकाठच्या उन्हाळ्यात खोलीतच ३८ अंश असले व बंद कॅबिनेटमध्ये आणखी ७ अंशांची भर पडली, तर तोच प्रोसेसर ९३ अंशांवर जातो. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठताच यंत्र आपला वेग आपणच कमी करते. पूर्ण वेगाचे दाम मोजून तो हिवाळ्यातच मिळावा, हा व्यवहार काही बरा नव्हे! दर वॅटमागे ०.२५ अंश वाढ होऊ देणारा शीतक घेतल्यास हेच तापमान ७५ अंशांवर येते.

असे शीतक बहुधा मनोऱ्यासारखे उभे असतात. बुडाशी तांबे, वर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, आणि दोहोंना जोडणाऱ्या तांब्याच्या बंद नळ्या. नळीत अल्पसे पाणी असते. ते तप्त टोकाशी वाफ होते, गार टोकाशी पुन्हा द्रव होते व आतील सच्छिद्र अस्तरातून माघारी झिरपते. कुंभकोणम्‌नजीकच्या नाचियारकोविलच्या पितळी समया प्रसिद्ध आहेत. पण या कामी पितळ उपयोगी नाही, कारण त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या तृतीयांशाहूनही कमी असते. खरेदीपूर्वी मदरबोर्डाच्या सॉकेटशी शीतकाचा मेळ, कॅबिनेटमधील मोकळी उंची व शेजारच्या रॅमला पुरेल एवढी जागा पाहावी. पुष्कळ मनोरे १५५-१६० मिलिमीटर उंच असतात.

जोडणीपूर्वी वीज तोडावी. जुना शीतक थेट वर न ओढता किंचित फिरवून सोडवावा. वाळलेला लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा. दोन धातू कितीही गुळगुळीत भासले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी उरतात, व त्यांतील हवा उष्णतेस अडविते. म्हणून मध्यभागी वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवावी. ती फटी भरण्यापुरतीच हवी. जाड थर उलट अडसर होतो. शीतकाच्या बुडावरील पारदर्शक कागद काढण्यास विसरू नये. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत, म्हणजे दाब सर्वत्र सारखा पडतो. पंख्याचा झोत कॅबिनेटच्या मागील जाळीकडे वळवावा आणि त्याची तार मदरबोर्डावरील प्रोसेसर-पंख्याच्या जागीच जोडावी.

नंतर भार देऊन तापमान पाहावे. ते काही सेकंदांतच मर्यादेला भिडले, तर बहुधा बुडाचा स्पर्श नीट झालेला नाही. शीतक उतरवून लेप नव्याने लावावा. अर्ध्या तासात हळूहळू चढत गेले, तर दोष बहुधा कॅबिनेटमधील कोंडलेल्या हवेचा किंवा पट्ट्यांत साचलेल्या धुळीचा असतो.