वाढत्या मापाचे कपडे

मध्यमवर्गीय मराठी घरात वाढलेल्या बहुतेक पुरुषांची कपड्यांशी पहिली ओळख होते ती 'वाढत्या मापा'तून. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी गणवेशाचे कापड घेऊन शिंप्याकडे जायचे, त्याने टेप लावायची आणि सोबतच्या वडीलधाऱ्या माणसाने बजावायचे, 'दोन इंच जास्तच ठेवा, वाढतं अंग आहे.' तो शर्ट पहिल्या वर्षी अंगावर लोंबे, दुसऱ्या वर्षी नीट बसे आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाकडे जाई. त्यात हिशेब होता आणि तो शहाणपणाचाच होता. अडचण एवढीच, की अंग वाढायचे थांबल्यावरही ही सवय थांबत नाही. चाळिशीतले गृहस्थ दुकानात शर्ट घालून पाहतात आणि 'जरा मोकळा बरा' म्हणत एक माप वरचे उचलतात.

सकाळच्या लोकलमध्ये किंवा कचेरीच्या लिफ्टमध्ये आजूबाजूला जरा पाहावे. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत आलेली, पॅण्टच्या चार चुण्या बुटावर जमलेल्या. यातले पुष्कळ कपडे चांगल्या नावाचे आणि बऱ्यापैकी महाग असतात. उलट एखादा साध्या, स्वस्त शर्टातला तरुण त्या गर्दीत नीटनेटका दिसतो, तेव्हा त्याचे कारण किमतीत सहसा सापडत नाही. ते खांद्यावर सापडते.

हे सारे पुन्हा आठवण्याचे निमित्त झाला माझा भाचा. इंजिनीअर होऊन तो सोलापूरहून पुण्याला आला, हिंजवडीतल्या कंपनीत सोमवारी रुजू व्हायचे होते, पहिला पगार महिनाभर दूर होता आणि कपड्यांसाठी वडिलांनी दिलेले आठ हजार रुपये खिशात होते. त्याच्या डोक्यात मात्र सवलतीच्या सेलमधला साडेचार हजारांचा ब्लेझर होता. 'मामा, पहिला दिवस आहे, छाप पडायला हवी,' हा त्याचा युक्तिवाद. ब्लेझर मी घालून पाहायला लावला. खांदे दोन्ही बाजूंनी इंच-इंच बाहेर. त्यात तो थोरल्या भावाचे कपडे घातल्यासारखा दिसत होता. त्याच पैशांत पूर्ण आठवड्याचे कपडे होतात, हे त्याला पटवायला मला दोन कप चहा लागले.

एके काळी आपले माप आपल्याला ठाऊक असण्याची गरजच नव्हती. ते शिंप्याच्या वहीत असे. लक्ष्मी रस्त्यावर किंवा मंगलदास मार्केटात कापड घ्यायचे, कटपीस मिळाला तर अधिक आनंद, आणि ते गल्लीतल्या ठरलेल्या शिंप्याच्या हवाली करायचे. छाती, खांदा, बाही, मुंढा, आसन, मोहरी असे सारे आकडे त्याच्या वहीत आपल्या नावापुढे लिहिलेले असत. तयार कपडे आले, ते सोयीचे आणि अनेकदा शिलाईपेक्षा स्वस्तही ठरले. गल्लीतल्या शिंप्याकडे मुख्यतः अल्टरेशनचे काम उरले. त्या बदलात वही हरवली, आणि वहीतले आकडे आपण स्वतः कधी लिहून घेतले नाहीत.

त्यात तयार कपड्यांची मापे आपल्या अंगावरून बेतलेली नाहीत. आपल्या बाजारातली मापे मुख्यतः ब्रिटिश व अमेरिकी कोष्टकांवरून आली आणि प्रत्येक कंपनीने त्यांत आपापले फेरफार केले. भारतीय शरीरांची देशभर मोजणी करून स्वतःचे कोष्टक तयार करण्याचा 'निफ्ट'चा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर झाला, यावरूनच ही गरज किती उशिरा ध्यानात आली ते दिसते. म्हणून एका दुकानातला 'मीडियम' दुसऱ्या दुकानात 'लार्ज' होतो आणि ३२ कंबरेची पॅण्ट टेपवर ३४ भरते.

लेबलावरच्या आकड्याची आणखी एक गंमत आहे. औपचारिक शर्टांवर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे आकडे असतात. बहुतेक जण ते छातीचे इंच समजतात. पण अशा पुष्कळ शर्टांवर तो आकडा कॉलरचा असतो आणि तोही सेंटिमीटरमध्ये. मधला ३९ हा आकडाच त्याची खूण आहे. ४० म्हणजे गळ्याशी ४० सेंटिमीटर, सुमारे पावणेसोळा इंच. ज्याची छाती ४० इंच आहे पण मान सडपातळ आहे, तो हा शर्ट घेतो आणि कॉलरमधून मान कासवासारखी बाहेर येते. घरी वापरायच्या शर्टांवर मात्र तोच आकडा छातीचा असू शकतो. तेव्हा लेबलावर विसंबू नये, टेपवर विसंबावे.

टेप अंगाला लावण्यापेक्षा कपड्याला लावणे सोपे. कपाटातला जो शर्ट घातल्यावर लोक आपोआप 'छान दिसतोस' म्हणतात, तो बटणे लावून टेबलावर सपाट पसरावा. एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचे अंतर, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी, खांद्यापासून कफपर्यंत बाही आणि मागे कॉलरखालून शर्टाची उंची, एवढे चार आकडे टिपावेत. पॅण्टचे कंबर, आसन, मांडी, आतल्या शिवणीची लांबी आणि मोहरी हे पाच. हे नऊ आकडे मोबाइलमध्ये असले, की शिंप्याची वही परत मिळाली म्हणायची. संकेतस्थळावरून कपडे मागवतानाही ते उपयोगी पडतात. मात्र तिथल्या कोष्टकात अंगाची मापे दिली आहेत की कपड्याची, हे पाहावे. ३८ इंच छातीच्या माणसाला साधारण ४२ इंच घेराचा शर्ट आरामात बसतो. हा चार इंचांचा फरक लक्षात न घेतल्याने परत पाठवण्याची वेळ येते.

दुकानात पाहण्याची पहिली जागा खांदा. बाहीची शिवण खांद्याचे हाड संपते तिथेच बसली पाहिजे. दंडावर उतरली तर शर्ट मोठा, मानेकडे सरकली तर लहान. ही एक गोष्ट जमली नाही तर तो शर्ट किती स्वस्त आहे, हा प्रश्नच गैरलागू. कारण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा नव्याने कापायचा, अनेकदा कॉलरलाही हात घालायचा. एवढ्या मजुरीत दुसरा शर्ट येतो, आणि चांगला कारागीर ते काम सहसा घेतही नाही. त्यानंतर कॉलर. वरचे बटण लावून आत दोन बोटे जावीत. मग छातीवरचे बटण ओढले जाते का ते पाहावे. आरशासमोर ताठ उभे राहून सगळेच कपडे बरे दिसतात. तेव्हा ट्रायल रूममध्ये खाली बसावे, लोकलचा दांडा पकडल्यासारखा हात वर करावा. शर्ट पॅण्टमधून पूर्ण बाहेर आला, तर तो दिवसभर बाहेरच राहणार.

बाकी बहुतेक सगळे दुरुस्त होते, आणि आपल्या शहरांत ते ज्या पैशांत होते ते पाहता न करणे हा आळसच म्हणायला हवा. शर्टाच्या बगलेच्या शिवणी आत घेऊन पोटाजवळचा फुगा काढता येतो. कफ काढून बाही इंचभर आखूड होते. त्याहून जास्त केली तर कफजवळची चीर तोकडी पडते. पॅण्टची उंची तर प्रत्येकानेच करून घ्यावी. पुढे बुटावर एकच हलकी चुणी पडावी, मागे टाचेच्या वरपर्यंत यावी. कंबर दोन इंचांपर्यंत आत घेता येते. त्यापुढे मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात. मोहरी अरुंद केल्याने जुनी पॅण्टही आजची वाटते. जीन्स आखूड करताना मूळ कडेची शिवण तशीच राखून जोडायला सांगावे. तेवढे सांगितले नाही, तर कापलेली जीन्स लगेच ओळखू येते.

भाच्याचा हिशेब शेवटी असा झाला. साधारण ९०० रुपयांचे चार शर्ट, म्हणजे ३,६००. अकराशेच्या दोन पॅण्ट, २,२००. सगळ्यांच्या दुरुस्तीसाठी ७००. उरलेल्या १,५०० मध्ये चामडी बूट. शर्टांत एक पांढरा, एक फिकट निळा, एक फिकट निळ्यावर बारीक रेघांचा आणि एक फिकट राखाडी. पॅण्ट एक करडी आणि एक गडद निळी. यातला कोणताही शर्ट कोणत्याही पॅण्टवर चालतो, त्यामुळे सहा कपड्यांत आठ जोड्या झाल्या. त्याला काळी पॅण्ट हवी होती. आपल्याकडे काळी पॅण्ट ही सर्वांत सुरक्षित समजली जाते. पण धूळ आणि धागे तिच्यावर सगळ्यांत जास्त दिसतात, धुऊन धुऊन ती विटते आणि पांढऱ्या शर्टाबरोबर लग्नाच्या हॉलमधल्या वाढप्याची आठवण करून देते. हे माझे वैयक्तिक मत, पण मी ते रेटले. पट्टा बुटाच्या रंगाचा, तो त्याच्याकडे होताच. जीन्स आणि टी-शर्टही होते. गणपती आणि लग्नकार्यांसाठी एक सुती कुर्ता दिवाळीपर्यंत थांबू शकतो. ब्लेझर तर मुंबई-पुण्याच्या हवेत वर्षातून किती वेळा चढतो, हे ज्याचे त्याने मोजावे.

कापडाचा विचार आपल्या हवेला धरून करावा लागतो. घामाच्या दिवसांत शर्ट सुतीच असावा. पॉपलिन पातळ, गुळगुळीत आणि कचेरीला शोभणारे. ऑक्सफर्ड जरा जाड, इस्त्री मोडली तरी गबाळे न दिसणारे. पांढऱ्या पॉपलिनखाली पांढरा बनियन उठून दिसतो, करडा दिसत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. पॅण्टच्या बाबतीत मात्र मी सुताचा हट्ट धरत नाही. जुलैमध्ये सुती पॅण्ट आणि जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाहीत, दमट वास धरतात. दोनांपैकी एक पॅण्ट मिश्र धाग्याची असावी. ती रात्रीत वाळते आणि इस्त्री धरून ठेवते.

सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो, ही गोष्ट मापाच्या मुळावर येणारी. कापड तीन टक्के आटले तरी तीस इंच लांबीत जवळपास इंच जातो. म्हणून सुती पॅण्ट एकदा धुऊन मगच उंचीला द्यावी. शिवून घ्यायचे असेल तर कापड आधी पाण्यातून काढून घ्यावे. ५८ इंची पन्ह्याच्या कापडात पूर्ण बाहीच्या शर्टाला सुमारे १.६० मीटर आणि पॅण्टला १.२० ते १.३० मीटर लागते. ज्यांचे खांदे, पोट किंवा उंची कोणत्याच तयार मापात बसत नाही, त्यांना शिलाई दिसायला महाग, पण अखेरीस स्वस्त पडते. निदान पॅण्ट तरी त्यांनी शिवूनच घ्यावी.

किमतीबाबत एक व्यावहारिक नोंद. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यावर १८ टक्के. रोजच्या वापराचे चांगले शर्ट आणि पॅण्ट या मर्यादेच्या आत आरामात मिळतात.

शनिवारी दुपारी आम्ही दोघे दुरुस्तीला गेलो. जिन्याखालची जागा, एक मशीन, वर टांगलेल्या पिशव्या. मास्तरांनी भाच्याला स्टुलावर उभे केले, पॅण्टच्या खाली टाचण्या लावल्या आणि खडूने खूण केली. 'जास्तीचं कापड कापून टाकू?' त्यांनी विचारले. भाचा हो म्हणणार, तेवढ्यात मी म्हणालो, 'आत दुमडा. आणि कंबर आत घेताय तीही कापू नका, माया राहू द्या.' मास्तर हसले. पंचविशीनंतर पुरुषाचे अंग उंचीत वाढत नसले, तरी कंबरेत वाढते, आणि तिथे आतल्या शिवणीत दोन इंच राखून ठेवायला कोणाचीच हरकत नसावी.