पाळीव मासे (लेखांक 4) : नऊ गोल्डफिश, चारशे लिटर पाणी

टाकीची काच, स्टँड आणि जागा यांबद्दल मागच्या आठवड्यात बोललो. आता मासे आणायचे. पहिल्यांदाच मासे पाळणारा माणूस बहुधा गोल्डफिशकडे वळतो. स्वस्त, देखणा, आणि काचेजवळ गेलं की तोंड उघडून पुढे येणारा. त्यातच कुणीतरी सांगितलेलं असतं, आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ ठेवा, घरात लक्ष्मी राहते. फेंगशुईतला हा आकडा आपल्याकडे वास्तूच्या नावाखाली रुळला आहे. श्रद्धेशी आपलं भांडण नाही. फक्त या नऊ जणांना पाणी किती लागतं, तेवढा हिशेब करू.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही आपल्याकडे सर्रास मिळणारी टाकी. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर, म्हणून काठोकाठ भरली तरी हिच्यात जेमतेम 56 लिटर मावतात. अनुभवी शौकीन फुगीर जातीच्या पहिल्या गोल्डफिशला साधारण 75 लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला 40 लिटर धरतात. नऊ जणांचे झाले 395 लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन चार क्विंटलच्या घरात गेलं. हॉलमधल्या शोकेसवर ते ठेवता येणार नाही. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत 127 लिटर बसतात. तिच्यात दोन गोल्डफिश सुखाने राहतील. काचेच्या गोल भांड्यात एकही नाही.

एवढं पाणी कशाला? गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कुळातला तळ्यातला जीव. चीनमध्ये हजारएक वर्षांपूर्वी मळकट रंगाच्या माशांतून निवडत निवडत लोकांनी हा सोनेरी मासा घडवला. दुकानात बोटाएवढा दिसणारा फुगीर मासा पुढे वीतभर होतो. साधा किंवा कॉमेट असेल तर फूटभर. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश 43 वर्षांचा होऊन 1999 मध्ये गेला.

या माशाला जठर नसतं. दिवसभर चरायचं आणि दिवसभर घाण करायची, हा त्याचा क्रम. शिवाय कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, की थोड्याच दिवसांत ते वर येऊन धापा टाकतात, ते बहुधा यामुळेच. ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर क्लोरिनने जिवाणू मरतात.

आता आपल्या नळाकडे येऊ. सातारा शहराच्या काही भागाला कास तलावाचं पाणी येतं. पठारावर साठलेलं हे पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी. ते प्यायला गोड, पण गोल्डफिशच्या टाकीत अशा पाण्याचा पीएच हळूहळू घसरू शकतो. फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवला तर तो आधार देतो. सांगली-मिरजेला कृष्णेचं पाणी. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरिनचं प्रमाण वाढवावं लागतं, म्हणून त्या दिवसांत जास्त सांभाळायचं. पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून शिळं करा, किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरिन बाटलीवरच्या मापाने घाला. जत-आटपाडी, माण-खटावकडे बोअरचं जड पाणी. त्यात क्लोरिन नसतं, पण ऑक्सिजनही कमी असू शकतो; आधी बादलीत एअर पंप लावून मगच वापरा.

जड पाणी गोल्डफिशला चालतं, पण त्याचा पीएच चढा असतो. पीएच 7 वरून 8 वर गेला, की अमोनियाचा विषारी हिस्सा सुमारे दहापट होतो. उष्णतेने तो आणखी वाढतो. बोअरवाल्यांनी म्हणूनच मासे कमी ठेवावेत आणि पाणी बदलायचा वार चुकवू नये.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच आहे. गोल्डफिशला 18 ते 22 अंशांचं पाणी मानवतं. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि मिळतो कमी. टाकीचं झाकण काढून जाळी टाका आणि पृष्ठभागावर टेबलफॅन सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाचे खडे टाकू नका, अचानक बदल माशाला सोसत नाही. लाइट जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात असलेला बरा.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न, माल कधी आला? आपल्याकडचे बरेच शोभेचे मासे कोलकाता आणि चेन्नईच्या कोळत्तूरकडून पिशव्यांतून प्रवास करत येतात. आठवडाभर दुकानात टिकलेला मासा घ्या. पंख उघडे, पोहणं सरळ, अंगावर पांढरे ठिपके नाहीत, आणि त्याच टाकीत मेलेला मासा नाही, एवढं बघा. एकशेपटी लांबट जाती, म्हणजे कॉमेट आणि शुबुंकिन, चपळ असतात. दुशेपटी फुगीर जाती, म्हणजे ओरांडा, र्‍युकिन, ब्लॅक मूर, संथ असतात. एकत्र ठेवले तर फुगीर उपाशी राहतात. बबल आय नवशिक्यांनी टाळावा, डोळ्यांखालच्या पिशव्या सहज फुटतात.

‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून दुकानदार सकर मासा देतो. तो नाकारा. सकर विष्ठा खात नाही, उलट स्वतःची घाण वाढवतो, आणि कधी गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थरच चाटू लागतो.

खाऊ दोन मिनिटांत संपेल इतकाच, दिवसातून दोनदा. तरंगणारे दाणे आधी भिजवून घ्या. आठवड्यातून एकदा उकडून साल काढलेला मटार. बिस्किट, पाव, शेव अजिबात नको. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. माण-जतसारख्या टँकरच्या गावांत हे जिवावर येतं, पण काढलेलं पाणी वाया जात नाही. त्यात नायट्रेट असतं, कुंड्यांना ते खतच.

मासे मोठे झाले, नकोसे झाले, तर कृष्णा, वेण्णा किंवा गावतळ्यात सोडू नका. गोल्डफिश तळ ढवळून पाणी गढूळ करतो आणि इथल्या माशांचं अन्न खातो. चिलापी आणि मांगूर यांनी आपल्या पाण्यात आधीच पाय पसरलेत, त्यात भर नको. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या शौकिनाला द्या.

पुढच्या आठवड्यात टाकीतल्या वनस्पती : गोल्डफिश कोणत्या फस्त करतो आणि कोणत्या सोडून देतो. तोवर मासे आणू नका. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज अगदी चिमूटभर खाऊ टाकत राहा. तो कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणू त्यावर वाढतील.