लॅपटॉप स्वस्त आहे, पण दुकान कुठे आहे?

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले, की लोणी, संगमनेर, कोपरगावपासून नगरपर्यंत घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. नव्याची किंमत ऐकून मोबाइलवर शोधाशोध होते आणि कुठल्याशा छोट्या ऑनलाइन दुकानात तसाच लॅपटॉप निम्म्या किमतीत दिसतो. ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे वापरलेला, पण दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला. दुकानाचे नाव कधी ऐकलेले नसते आणि पैसे मात्र आधी भरायचे असतात.

छोटे दुकान म्हणजे फसवे दुकान, असे मुळीच नाही. स्वतः फोन उचलून नीट माहिती देणारा माणूस बहुधा अशाच ठिकाणी भेटतो. अडचण वेगळीच आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. वस्तूतला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सगळ्यांकडेच संशयाने पाहतो, भाव पाडून मागतो आणि त्या भावात न परवडल्याने चांगला माल विकणाराच बाजारातून बाहेर पडतो. अशा बाजारांच्या अभ्यासासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल विभागून मिळाले. जुन्या लॅपटॉपच्या बाजाराचेही हेच आहे. इथे उपयोगी पडते ती ज्या खुणेची नक्कल करणे अवघड किंवा महाग असते, तीच.

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारचे कुलूप ही तशी खूण नव्हे. तुमचा मोबाइल आणि ते संकेतस्थळ यांच्यातली माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे बसलेला कोण आहे, हे सांगत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र भामट्यालाही काही मिनिटांत फुकट मिळते. लोक या कुलपाला भरवशाची खूण समजतात, म्हणून गुगलने २०२३ मध्ये संगणकावरच्या क्रोममधून ते चित्रच काढून टाकले. पाच ताऱ्यांचे अभिप्रायही विकत मिळतात. त्यांच्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानक आणले, पण ते ऐच्छिक आहे.

खरी तपासणी सुरू होते ती जीएसटी क्रमांकापासून. पंधरा अक्षरांचा हा क्रमांक बराच बोलका असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे मालकाच्या पॅनची. त्यामुळे एकूण क्रमांकातले सहावे अक्षर ‘पी’ असेल तर धंदा एका व्यक्तीच्या नावावर आहे आणि ‘सी’ असेल तर कंपनीच्या. नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावणाऱ्या दुकानाच्या क्रमांकात ‘पी’ दिसला, तर तिथेच थांबावे. पंधरावे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. मनाने रचलेला क्रमांक त्यामुळे बहुधा लगेच उघडा पडतो.

दुसऱ्या कुणाचा खरा क्रमांक चोरून लावला असेल, तर मात्र हे गणित काही करू शकत नाही. म्हणून जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक टाकून पाहावा. मालकाचे कायदेशीर नाव, दुकानाचे नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे तिथे लॉगिनशिवाय दिसते. ‘पंधरा वर्षांच्या सेवेत’ म्हणणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर खुलासा मागायला हरकत नाही. पत्त्यात जुने ‘अहमदनगर’ आणि संकेतस्थळावर ‘अहिल्यानगर’ दिसले, तर मात्र दचकू नये. नामांतर २०२४ मधले आहे, जुन्या नोंदी राहिलेल्या असू शकतात. पिनकोडवरूनही घाई नको. जिल्ह्यात नगरचा ४१४ ने सुरू होतो, श्रीरामपूरचा ४१३ ने, संगमनेरचा ४२२ ने आणि कोपरगावचा ४२३ ने. फक्त राज्यातच विकणाऱ्या आणि वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. देशभर घरपोच माल पाठवतो म्हणणाऱ्याला ती लागतेच.

नाव, पत्ता, फोन आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर देणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. नुसता व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक देऊन हे भागत नाही. त्या गावात कुणी नातेवाईक असेल, तर त्याला दुकानावर एक चक्कर मारायला सांगावे. इतकी स्वस्त आणि पक्की चाचणी दुसरी नाही.

लॅपटॉपच्या सीरियल नंबरचा फोटो आधी मागावा. तो बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर टाकला, की मॉडेल आणि वॉरंटीची मुदत कळते. यूपीआयने पैसे देताना पडद्यावर येणारे नाव जीएसटीच्या नोंदीतल्या नावाशी जुळवावे. एकट्याच्या मालकीच्या दुकानात ते मालकाचे असू शकते. तिसऱ्याच माणसाचे असेल, तर पिन टाकू नये. क्रेडिट कार्डच्या व्यवहारावर बँकेकडे हरकत घेता येते. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे परत मिळवणे फार अवघड जाते.

तरीही फसवणूक झालीच, तर १९३० वर लगेच फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि वाद खराब मालाचा असेल, तर ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५. दुकान दिल्लीचे असले, तरी २०१९ च्या कायद्यामुळे पाथर्डीच्या ग्राहकाला अहिल्यानगरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्कही लागत नाही.