वैरणीच्या पिकांची कीडप्रतिकारकता
वैरणीच्या पिकांची कीडप्रतिकारकता : गवते, लसूणघास, ज्वारी इ. चाऱ्याच्या पिकांच्या अंगी असलेली, किडींचा उपद्रव टाळण्याची अथवा तो सोसण्याची आनुवंशिक क्षमता. चाऱ्यावर फवारलेल्या कीटकनाशकांचे अवशेष जनावरांच्या दुधात उतरू शकतात; म्हणून या पिकांत ह्या क्षमतेला विशेष महत्त्व आहे. रेजिनल्ड पेंटर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये तिचे तीन प्रकार मानले : किडीला वनस्पती नापसंत असणे, ती खाल्ल्याने किडीची वाढ खुंटणे किंवा किडीचा नाश होणे आणि उपद्रव होऊनही वनस्पतीने तग धरणे.

लसूणघासाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५४ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात ठिपकेदार मावा प्रथम आढळला व लवकरच नैर्ऋत्येकडील राज्यांत पसरला. मूळतः सूत्रकृमींना प्रतिकारक म्हणून तयार केलेला लाहोंटन हा वाण या माव्यालाही दाद देत नाही, असे दिसून आले. १९५७ मध्ये मोआपा हा वाण प्रसृत झाला. पुढे मात्र प्रतिकारक झाडांवरही जगणारे माव्याचे प्रकार उद्भवले.

किडीला अपायकारक असलेले द्रव्य जनावरांनाही बाधू शकते, ही या पिकांतील खरी अडचण होय. कोवळ्या ज्वारीत धुरिन हे द्रव्य असते. पाने चावली जाताच त्यापासून हायड्रोसायानिक अम्ल मुक्त होते. टोळ अशी पाने टाळतात. परंतु तीच खाऊन गुरे दगावतात. पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी तर विशेष घातक असते.

न्यूझीलंडमध्ये हाच पेच बारमाही राय गवतात उभा राहिला. या गवताच्या ऊतकांत (पेशीसमूहांत) वाढणारे व बियांतून पुढील पिढीत जाणारे एक कवक पेरामीन हे द्रव्य तयार करते. त्यामुळे खोड पोखरणारा अर्जेंटिनी सोंडकिडा गवतापासून दूर राहतो. तेच कवक लोलिट्रेम-बी हे विषही निर्माण करते आणि त्यामुळे मेंढ्यांना कंप सुटून त्या अडखळून पडतात. या दोन्ही गोष्टींचा कवकाशी असलेला संबंध १९८० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत उघड झाला. कवक काढून टाकावे तर गवत किडीला बळी पडे. अखेर पेरामीन तयार करणारा पण लोलिट्रेम-बी न बनविणारा एआर १ हा कवकाचा प्रकार निवडण्यात आला व २००१ पासून त्याने युक्त असे बियाणे विक्रीस आले. मुळांवरील माव्याला मात्र या प्रकाराने आळा बसत नाही.