वेळू : तृण की वृक्ष ?

वेळूला तृण म्हणावे की वृक्ष, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राने केव्हाच सोडविला आहे. गहू, ज्वारी आणि ऊस ज्या तृणकुलात मोडतात, त्याच कुलातील वेळू होय. वृक्षाचे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते. वेळूचा कोंब मात्र आपली पूर्ण जाडी घेऊनच जमिनीबाहेर पडतो, काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि पुढे केवळ टणक होत जातो. मराठी भाषकांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या शब्दांतून कसे दिले आणि कायद्याच्या शब्दाने ते कसे नाकारले, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

वेळूच्या दोन गाठींमधील भागास आपण 'पेर' अथवा 'कांडे' म्हणतो. हेच शब्द उसाला लागतात. आंब्याच्या वा सागाच्या खोडाला लागत नाहीत. वेळूचे 'बेट' असते, उसाचेही बेट असते. आंब्याची मात्र राई असते. 'बेट' हा शब्द केळीलाही लावतात. तेव्हा एकट्या शब्दावरून निर्णय करणे योग्य नव्हे. परंतु हे शब्द एकत्र पाहिले, म्हणजे बोलणाऱ्यांच्या मनात वेळूची सोयरीक उसाशी आहे, सागाशी नाही, हे स्पष्ट होते.

वेळूचे उपयोगही याच तृणरचनेतून निघाले आहेत. पेरातील तंतू उभे व सरळ असल्यामुळे बुरूड त्याच्या लांब, पातळ पट्ट्या काढू शकतो. त्यांपासून सूप, रोवळी, टोपली, दुरडी, कणगी आणि तट्टी तयार होतात. पेर पोकळ असल्यामुळे बासरी संभवते. विदर्भात कोवळ्या कोंबांची, म्हणजे 'वास्त्यां'ची, भाजी करतात. संस्कृत 'वेणु'पासून 'वेळू' आला आणि 'वंश' या वेळूवाचक शब्दापासून छपराचा 'वासा' आला. आज वासा सागाचा असला, तरी त्याच्या नावात वेळूच आहे.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र 'वृक्ष' या संज्ञेत ताड-माडांबरोबर वेळू आणि वेत यांचाही समावेश केला. हा केवळ शब्दच्छल नव्हता. या व्याख्येमुळे वेळूची तोड व वाहतूक वनखात्याच्या परवान्याखाली आली, आणि ज्यांची उपजीविका वेळूवर, त्यांनाच तो तोडण्यास अनुमती मागावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने वेळूची गणना गौण वनोपजात केली. त्या आधारे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावच्या ग्रामसभेस २०११ मध्ये वेळूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने 'वृक्ष' या व्याख्येतून वेळू वगळण्यात आला; तथापि तिचा लाभ वनक्षेत्राबाहेर लावलेल्या वेळूपुरताच आहे.

म्हणजे बोलीतील शब्दांनी जे अंतर राखले होते, ते मान्य करावयास कायद्यास नव्वद वर्षे लागली. परिभाषा घडविताना आपण शब्दांच्या काटेकोरपणाचा विचार करतो, आणि ते युक्तच आहे. परंतु ती वस्तू रोज हाताळणारे लोक तिच्याविषयी कोणते शब्द योजतात, हेही आधी ऐकले पाहिजे. व्याख्येतील एका शब्दावरून बेटात कोयता कोणी चालवावयाचा, हे ठरत असते.