कारखाना इथे, ताळेबंद कुठे?

पुण्याहून सोलापूरकडे निघाले की चौफुल्याला डाव्या हाताचा रस्ता केडगाव, न्हावरे करत शिरूरला जातो. तसेच पुढे जाऊन पाटस गाठले की उजवीकडे रोटी घाटाने बारामतीला जाणारा रस्ता लागतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच घाटाने जाते. या दोन रस्त्यांनी गाड्यांच्या दोन मोठ्या कारखान्यांकडे जाता येते. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ, रांजणगावच्या एमआयडीसीत फियाट इंडिया. या पट्ट्यातल्या कित्येक घरांचा पगार, टेम्पोचे भाडे आणि खोल्यांचे भाडे अशा कारखान्यांवर अवलंबून असते.

मात्र या कारखान्यांचे वर्ष कसे गेले, हे गावात विचारून कळत नाही. साखर कारखान्याचे तसे नसते. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे. इथल्या शेतकऱ्याला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकाचा शेरा हे शब्द शिकवावे लागत नाहीत. सहकारी संस्थेत शेअर कितीही असोत, वार्षिक सभेत एका सभासदाला एकच मत. गाड्यांच्या कंपनीत मत माणसाला नसते, शेअरला असते. आणि तिचा हिशेब नेमका कुठे वाचायचा, हे ती कोणाच्या मालकीची आहे यावर ठरते.

रांजणगावचा कारखाना हे याचे उत्तम उदाहरण आहे. फियाट इंडिया ऑटोमोबाइल्स ही कंपनी इटलीची फियाट आणि आपली टाटा मोटर्स यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची. २००७ मध्ये करार झाला, २००८ मध्ये कारखान्याचे उद्घाटन झाले. लिनिया आणि ग्रँड पुंटो या गाड्या इथेच तयार झाल्या. दिसायला देखण्या, चालवायला भक्कम, पण खप बेताचा. टाटांच्या दुकानांतून फियाटच्या गाड्या विकायची व्यवस्थाही २०१२ मध्ये मोडीत निघाली. तरीही कारखाना थांबला नाही, कारण तिथे गाड्यांबरोबर इंजिनेही बनत होती. १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन टाटांच्या गाड्यांत बसत होतेच; जानेवारी २०१२ मध्ये मारुती सुझुकीनेही वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने घेण्याचा करार केला. टाटांचा निम्मा वाटा असलेल्या कारखान्याला टाटांच्या स्पर्धकाचे काम मिळाले.

पुढे २०१७ मध्ये इथूनच जीप कंपास बाहेर पडली आणि उजव्या हाताला स्टिअरिंग असणाऱ्या परदेशी बाजारांत जाऊ लागली. त्याच वर्षी टाटांची नेक्सॉन आली, तीही रांजणगावचीच. २०१९ मध्ये फियाटच्या गाड्यांची भारतातली विक्री थांबली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि मल्टिजेटही गेले. २०२१ च्या जानेवारीत फियाटची मूळ कंपनी फियाट क्रायस्लर स्टेलांटिस या नव्या समूहात विलीन झाली. एका कारखान्याने एवढी स्थित्यंतरे पचवली, ती नेक्सॉनच्या खपामुळे. फियाटचे नाव रस्त्यावरून पुसले गेले तरी पाटीवर राहिले.

अशा भागीदारीत कोणाचाच शब्द अखेरचा नसतो. निम्मी-निम्मी मालकी असली की मोठा निर्णय दोघांच्या संमतीनेच होतो. कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे दर तिमाहीचे आकडे जाहीर करण्याचे बंधन तिच्यावर नाही. पण हिशेब दडलेला असतो, असे मात्र नाही. खासगी कंपनीलाही वार्षिक ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दाखल करावा लागतो आणि शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. शिवाय टाटा मोटर्सने आपल्या स्वतंत्र आर्थिक निकालांत या कंपनीतला आपला वाटा वर्षानुवर्षे धरला आहे. निकालाखालच्या बारीक टिपेत टाटा कमिन्स आणि फियाट इंडिया ही दोन नावे येत. वाचक सहसा ओलांडून जातो तीच टीप रांजणगावकरांसाठी महत्त्वाची.

बारामतीचे गणित वेगळे. तिथला कारखाना सुरुवातीला ग्रीव्ह्जच्या भागीदारीत उभा राहिला आणि नंतर पूर्णपणे पियाजिओचा झाला. मूळ कंपनी इटलीची, २००६ पासून मिलानच्या शेअर बाजारात नोंदलेली. खेडोपाडी माणसे आणि माल वाहणारी ॲपे रिक्षा बारामतीची, पण तिच्या खपाचा आढावा भागधारकांपुढे जातो तो मिलानमध्ये. तिथल्या वार्षिक अहवालात भारताचा विभाग वेगळा दाखवलेला असतो.

सगळ्यात उघडा हिशेब बाजारात नोंदलेल्या कंपनीचा. पुणे जिल्ह्यातच आकुर्डीला मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोचे २०२४-२५ हे वर्ष पाहावे. कंपनीची उलाढाल पहिल्यांदाच ५० हजार कोटी रुपयांपलीकडे गेली. निव्वळ नफा ८,१५१ कोटी. शेअरमागे २१० रुपये लाभांश. बातमीत एवढेच छापून येते. पण अहवालात नफ्याचे आणखी एक पान असते, एकत्रित हिशेबाचे. तिथे त्याच वर्षाचा नफा ७,३२५ कोटी दिसतो.

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला एकट्या कंपनीचा, दुसरा तिच्या उपकंपन्या आणि गुंतवणुकी धरून. ऑस्ट्रियातील केटीएम ही मोटारसायकल कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्यात बजाजची मोठी गुंतवणूक असल्याने तोट्याचा वाटा एकत्रित पानावर उतरला. मे २०२५ मध्ये बजाजने ८० कोटी युरोंची योजना आखून केटीएमचा ताबा घेण्याकडे पाऊल टाकले. म्हणून कोणत्याही कंपनीचा अहवाल हाती आला की दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत. फरक मोठा असेल तर त्या फरकातच वर्षाची खरी हकिगत असते.

तोट्याचा आकडाही असाच नीट उलगडावा लागतो. टाटा मोटर्सने २०१८-१९ च्या तिसऱ्या तिमाहीत २६,९६१ कोटींचा तोटा दाखवला तेव्हा खळबळ उडाली. एवढी रोकड तीन महिन्यांत गेलेली नव्हती. जग्वार लँड रोव्हरमध्ये गुंतलेल्या भांडवलाचे मूल्य पूर्वीइतके उरले नाही, हे कंपनीने पुस्तकात मान्य केले होते.

आता कारभाराकडे, म्हणजे ज्याला कॉर्पोरेट गव्हर्नन्स म्हणतात त्याकडे. नियम पुष्कळ आहेत. संचालक मंडळात स्वतंत्र संचालक किमान एक तृतीयांश, अध्यक्ष प्रवर्तकांपैकी असेल तर निम्मे. लेखापरीक्षण करणारी संस्था सलग दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण नियमांचा कस लागतो मतदानात. साध्या ठरावाला निम्म्याहून अधिक मते पुरतात. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात. तिथे छोट्या भागधारकांना आणि म्युच्युअल फंडांना वजन येते.

२०१४ मध्ये हे प्रत्यक्ष घडले. टाटा मोटर्सचा स्वतंत्र नफा पुरेसा नसल्याने वरिष्ठ संचालकांच्या मेहनतान्यासाठी विशेष ठराव आणावे लागले आणि भागधारकांनी ते फेटाळले. टाटांच्या नावाभोवती एवढा आदर असूनही. कंपनीला ठराव पुन्हा मांडावे लागले, तेव्हा कुठे ते मंजूर झाले. २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या भागधारकांनीही व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा ठराव मेहनतान्याच्या मुद्द्यावर अडवला; मेहनतान्याला मर्यादा घालून तो परत आणावा लागला. प्रश्न विचारल्याने कंपनी बुडत नाही. दोन्ही कंपन्यांचे काम चालूच राहिले.

रांजणगाव-बारामतीच्या गावांसाठी अहवालातले आणखी एक पान कामाचे आहे. कायद्याने ठरवलेल्या आकारमानाच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात आणि त्यात कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. रक्कम किती, ती कुठल्या कामावर गेली, हे अहवालात लिहिलेले असते. ग्रामपंचायतीने ते पान छापून ग्रामसभेत वाचायला हवे. शाळेच्या खोल्या, पाणी, दवाखाना अशा मागण्या त्यानंतर मोघम राहत नाहीत.

१ ऑक्टोबर २०२५ पासून टाटा मोटर्सचे दोन भाग झाले आहेत. ट्रक-बसचा व्यवसाय एका कंपनीकडे, मोटारगाड्यांचा टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्सकडे. दोन्ही शेअर बाजारात आहेत. रांजणगावचा हिशेब आता मोटारगाड्यांच्या कंपनीच्या अहवालात शोधायचा.